जांभळी झाक

पानगळीच्या दिवसांत आमच्या मास्तरांना घरात शोधू नका. सकाळचा चहा झाला की खुर्ची उचलतात आणि मागच्या बागेत जाऊन बसतात, ते जेवायला चार हाका मारल्याशिवाय उठत नाहीत. लोकांच्या बागा वसंतात फुलतात. आमची बाग वर्षभर हिरवी, साधी, कुणाच्या नजरेत न भरणारी. आणि वर्षाचे पाच-सहा आठवडे मात्र अशी पेटते की रस्त्याने जाणारे सायकल थांबवून कुंपणावरून डोकावतात. मास्तरांनी ती तशीच लावली आहे, पानांच्या रंगांसाठी. फुलांचं त्यांना काही पडलेलं नाही. "फुलं काय, कुणीही लावतं," म्हणतात. नाक जरा वरच असतं या माणसाचं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत हं. शिवणदोऱ्याच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं रंग जुळवले. गिऱ्हाइकाकडून कापडाचा तुकडा यायचा आणि त्याला दोरा हवा असायचा तंतोतंत त्याच रंगाचा. रंगवणारे रंगवायचे, पण तो जुळला की नाही हे सांगायचे मास्तर. ते पास म्हणाले की माल गाडीत, नापास म्हणाले की पुन्हा रंगाच्या हौदात. त्यांच्या खोलीला शेड रूम, म्हणजे रंगछटांची खोली, म्हणत. उत्तरेकडे एकच मोठी खिडकी, भिंती राखाडी, टेबल राखाडी, अंगातला कोटही राखाडी. रंगाकडे पाच मोजेपर्यंतच बघायचं, मग मान वळवून भिंतीकडे बघत नजर धुवायची, आणि मगच पुढचा रंग. नजर धुवायची, हा त्यांचाच शब्द.

हे सगळं कारखान्यात ठेवलं असतं तर ठीक होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला सांगितलं, "सकाळी कामावर जायच्या आधी लाल घालून समोर येत जाऊ नकोस. माझी नजर बिघडते." घ्या! दुसऱ्यांचे नवरे लाल रंगावर भुलतात आणि माझ्या नशिबी हे ध्यान. तेव्हापासून माझे लाल कपडे रविवारचे झाले.

मी स्वतः शिवणकाम करते. पुढच्या खोलीत माझं मशीन आहे, गल्लीतल्या बायकांचे कपडे आत घेणं, बाहेर सोडणं, नवीन शिवणं, तीस वर्षं चाललंय. रंगातलं मलाही कळतं. पण एका घरात एकच मास्तर बरा, म्हणून मी कधी तोंड घातलं नाही. आणि जिथे घालायला हवं होतं तिथेही घातलं नाही. तेच सांगायला बसले आहे.

मास्तरांच्या हाताखाली एक मुलगी होती. चणीने लहान म्हणून सगळे तिला बारकी म्हणत. विसाव्या वर्षी आली ती दोऱ्याच्या लडी बांधायला, आणि एक दिवस मास्तरांच्या मागून हळूच म्हणाली, "हा जरा पिवळट नाही का?" मास्तरांनी वळून पाहिलं, दोरा पाहिला, आणि त्या दिवसापासून ती शेड रूममध्ये. नऊ वर्षं शिकवलं तिला. "माझ्यापेक्षा एक रेघ पुढे जाईल ही," असं घरी येऊन सांगायचे. आम्हाला मूलबाळ नाही. बारकी रविवारी यायची, पोपटी काय, मोरपिशी काय, जर्द केशरी काय, दर वेळी नवा रंग अंगावर. "काकू, भूक लागली" करत सरळ स्वयंपाकघरात. जेवणं झाली की दोघं बागेत पानं वेचत बसायची आणि भांडायची. हे तांबूस, नाही मास्तर हे विटकरी, अगं डोळे आहेत का बटणं! मला ऐकायला बरं वाटायचं. आपल्या माघारी खुर्ची बारकीची, हे मास्तरांनी कारखान्याच्या साहेबांना सांगूनही ठेवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एका राखाडी दोऱ्याने सगळं नासवलं. शर्टांचा दोरा, मोठं गिऱ्हाईक, मोठा लॉट. मास्तरांनी खिडकीत धरला आणि पास म्हणाले. बारकी शेजारी उभी होती. म्हणाली, "मास्तर, जांभळी झाक मारतेय."

"कुठे जांभळी?"

"आहे. थोडी आहे, पण आहे."

मास्तरांनी नजर धुतली, पुन्हा पाहिलं. त्यांना राखाडीच दिसला. तरी त्या दिवशी सही केली नाही. संध्याकाळी दोन रिळं डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली, एक नमुन्याचं आणि एक नव्या लॉटचं. दिव्याच्या उजेडात रंग बघायचा नाही हा त्यांचा नेम, म्हणून सकाळपर्यंत थांबले. सकाळी मी चहा गाळत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन्ही रिळं धरून ते म्हणाले, "बघ गं जरा. सारखीच आहेत ना?"

इतक्या वर्षांत या माणसाने मला रंगाचं काही विचारलं नव्हतं. मी आणलेल्या कापडांना न विचारता नावं ठेवायचे, ते वेगळं. पण माझं मत? कधीच नाही. आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की बघवत नव्हता. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, कारखान्यात कुजबुज चालू झालेली, की आता म्हाताऱ्याला पुरे करा.

रिळं सारखी नव्हती. माझ्यासारख्या तीस वर्षं सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला ती सारखी वाटणं शक्यच नव्हतं. एक राखाडी होतं आणि दुसऱ्यात सरळसरळ जांभळटपणा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "सारखीच तर आहेत. कोण म्हणतं वेगळी?"

ते हसले. चहा पिऊन शीळ घालत कामावर गेले आणि सही केली.

दोन आठवड्यांत माल परत आला. चौकशी बसली. मास्तरांचा हिशोब सरळ होता. दोरा कार्डाला, म्हणजे कपाटात जपून ठेवलेल्या रंगाच्या नमुन्याला, जुळत होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग गिऱ्हाइकाच्या कापडाला जुळत नसेल तर कार्डच चुकीचं असणार. आणि कपाटातून कार्ड काढून देणारी बारकी. "पोरीची नजर कच्ची पडायला लागली आहे," असंही म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत हो, देवाशपथ नाही. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर तेवढा विश्वास होता, आणि वर माझी साक्ष होती. बारकी एवढंच म्हणाली, "कार्ड बरोबर होतं." तिला पॅकिंग खात्यात पाठवलं, खोक्यांवर लेबलं चिकटवायला. रविवारची यायची ती बंद झाली.

मला हे कळलं तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले. मूग गिळून बसले. आज सांगू, उद्या सांगू, निवृत्तीचा समारंभ होऊ दे, मग सांगू. समारंभ झाला, हार घातले, भाषणं झाली. मग वाटलं, आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? अशी मनाची समजूत घालायला मी फार हुशार आहे.

निवृत्तीनंतर मास्तरांनी सगळा जीव बागेत ओतला. मागच्या भिंतीलगत त्यांना रंगांची एक रांग हवी होती, स्वयंपाकघराच्या दारापासून फाटकापर्यंत, फिक्यापासून गडद. आधी लिंबाच्या सालीसारखं पिवळं गिंकोचं झाड, मग नासपती, मग चेरी नारिंगी, मग मेपल लाल, आणि शेवटी भिंतीवर चढलेली वेल, अगदी काळपट तांबडी. चेरी आणि मेपल यांच्या मध्ये एक जागा रिकामी होती. तिथे नारिंगीकडून लालकडे नेणारं काहीतरी पाहिजे. रोपं घ्यायलाही हे पानगळीतच जायचे, रोपांवर रंग चढलेला असताना, खिशात दोऱ्यांचे तुकडे घेऊन. रोपवाटिकेत पानाशेजारी दोरा धरायचा, पाच मोजायचे, आभाळाकडे बघायचं, पुन्हा धरायचा. तिथला माळी यांना बघितलं की कपाळाला हात लावायचा.

त्या वर्षी त्यांनी एक झुडूप पसंत केलं. हातातला दोरा होता शेंदरी लाल. आणि झुडूप होतं राणी रंगाचं! झगझगीत, जांभळ्याकडे झुकणारं गुलाबी. मास्तर म्हणाले, "वा! एका लडीतलं आहे जणू." माळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्याने मुकाट्याने कुंडी बांधून दिली. दुसऱ्यांदा गप्प बसले मी, आणि तेव्हा मला कळून चुकलं की माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांना काहीतरी झालं आहे, आणि ते आजचं नाही.

तर अशी ती रांग. पिवळं, पिवळं, नारिंगी, मध्येच राणी, मग लाल. शेजारीण म्हणायची, "किती वेगळी कल्पना आहे हो!" मास्तर खूश.

या वर्षी पानं रंगायला लागली आणि एका सकाळी कारखान्यातून साहेबांचा फोन आला. शेड रूममधला माणूस सोडून चालला होता. रंग मोजणारं मशीन आलं आहे तिथे आता, ते आकडे सांगतं, पण शेवटची सही माणसाच्याच डोळ्याची लागते. साहेब विचारत होते की बाहेरून कुणी आणायचा, की पॅकिंगमधल्या बारकीला परत बसवायचं? महिनाअखेर ठरवायचं आहे, मास्तर, तुमचा शब्द शेवटचा.

मी कापड कापत होते. मास्तर फोनवर म्हणाले, "मुलगी गुणी आहे हो. पण नजर कच्ची आहे. विचार करून सांगतो, पण मला विचाराल तर नको."

माझी कात्री कापडात तशीच थांबली. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आग कुणावर काढायची तर स्वतःवरच. एका पोरीची खुर्ची मी एकदा घालवली होती, आणि आता ती परत मिळायची वेळ आली तर पुन्हा मीच आड येत होते, नुसती गप्प बसून. बोल बाई, आता तरी बोल! पण तोंड उघडेना. तीन वर्षं गिळलेलं असं पटकन वर येत नाही. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे आडवाट धरली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वर्षभर सांगत होत्या की मोतीबिंदू पिकला आहे, ऑपरेशन करा. मास्तर पायऱ्यांवर अडखळायचे, चहा कपाबाहेर ओतायचे, तरी यांचं आपलं, "दिसतंय की सगळं. पानगळ होऊ दे, मग बघू." मी त्या दिवशी दवाखान्यात फोन करून थेट तारीखच घेतली आणि येऊन सांगितलं, "पुढच्या मंगळवारी डावा डोळा."

"पानगळीत? डोकं फिरलं का तुझं?"

"पानगळीतच. आणि नाही म्हणालात ना, तर उद्या सकाळी झाडू घेऊन बागेत उतरते आणि खाली पडलेलं एकूण एक पान पोत्यात भरते."

पडलेल्या पानांना झाडू लावायचा नाही हा बागेचा कायदा आहे. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल घालून झाडू शोधायला निघाले सुद्धा. "थांब," म्हणाले, "मंगळवार ना?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग पिकून पिवळं झालं आहे, अगदी चहाच्या पाण्यासारखं. हे हळूहळू होतं म्हणून कळत नाही. नवीन भिंग बसलं की रंग जरा वेगळे दिसतील, घाबरू नका. "रंगांचं मला सांगू नका बाई," मास्तर म्हणाले, "एकतीस वर्षं तेच केलं." बाई हसल्या. मी नाही हसले.

ऑपरेशन सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला, थेंब मिळाले, वाकू नका, डोळा चोळू नका. घरी आलो तेव्हा दहा वाजत आले होते. मास्तर म्हणाले, "चष्मा दोन मिनिटं काढतो. उजेड चांगला आहे."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ते बागेच्या मधोमध गेले, चष्मा काढला आणि भिंतीकडे बघून आधी खुदकन हसले. "अगं, भिंत नवीन रंगवलीस का? किती पांढरी!" मग नजर रांगेवरून सरकली. गिंको, नासपती, चेरी. आणि थांबली.

"हे झुडूप कुणी बदललं?"

मी पायरी उतरून खाली आले.

"मी काल दवाखान्यात होतो तेवढ्यात इथे दुसरं आणून लावलंस? चेष्टा सुचते तुला?"

"कुणी काही बदललेलं नाही हो. तेच आहे."

त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, नुसत्या जुन्या डोळ्याने पाहिलं. मग उजवा झाकला, नव्याने पाहिलं. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. एका डोळ्याला रांग जुळलेली, दुसऱ्या डोळ्याला मध्येच किंचाळणारा राणी रंग. किती वेळ तो खेळ चालला होता कुणास ठाऊक. मग आत गेले, दोऱ्यांचा डबा काढला, शेंदरी लाल दोरा आणून त्या झुडपाच्या फांदीवर टाकला आणि त्याच्याकडे बघत खुर्चीत बसले. मी चष्मा उचलून त्यांच्या नाकावर चढवला, कारण त्यांची दोन मिनिटं कधीच संपली होती.

मग म्हणाले, "त्या राखाडीत जांभळी झाक होती."

तो प्रश्न नव्हता. तरी मी उत्तर दिलं. "होती."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "तुला दिसली होती?"

"हो. त्याच वेळी दिसली होती. खिडकीत."

ते ओरडतील असं वाटलं. ओरडायला हवे होते, मला बरं वाटलं असतं. पण आवाज अगदी खाली गेला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही घाबरला होतात. मला तुमचा चेहरा बघवला नाही."

"आणि त्या पोरीचा चेहरा?"

पदरात तोंड लपवायची माझी सवय नाही, पण त्या दिवशी आत जाऊन मशीनवर डोकं टेकून रडले. दोन दिवस आमच्यात थेंब घालण्यापुरतं बोलणं झालं. डोळा उघडा, थेंब, मिटा, बस. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बारकीला फोन लावला. मी म्हटलं, "साहेबांना लावा ना आधी, महिना संपत आलाय." म्हणाले, "आधी तिला. साहेबांना तिच्यासमोर."

रविवारी ती आली. फाटकातून आत येताना मी क्षणभर ओळखलंच नाही तिला. काळी पँट, पांढरा शर्ट, वर काळा स्वेटर, आणि हातातली पिशवीही काळी. मला वाटलं कुणी गेलं की काय. विचारलंही तसं. "नाही काकू, सगळे बरे आहेत," म्हणाली आणि बागेकडे न बघता माझ्याकडेच बघत उभी राहिली.

मास्तर खुर्चीतून उठले. भाषण त्यांनी पाठ केलं होतं, मला ठाऊक आहे, सकाळपासून पुटपुटत होते. पण तिला बघितल्यावर सगळं विसरले. "बारके," म्हणाले, "कार्ड बरोबर होतं. जांभळी झाक होती. चूक माझी होती, सही माझी होती, आणि मी ती तुझ्या माथी मारली. मला दिसत नव्हतं गं. पण दिसत नव्हतं म्हणून तुझी नजर कच्ची म्हणायचा मला काय अधिकार होता?"

मग माझी पाळी. मी पण उभ्यानेच सांगितलं, ती दोन रिळं, ती खिडकी, मी काय पाहिलं आणि काय बोलले. एक शब्द मऊ केला नाही.

ती दाराच्या पायरीवर मटकन बसली. मला वाटलं आता तोंड सोडेल, आणि सोडलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. पण ती मास्तरांकडे बघून म्हणाली, "म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?"

आम्हा दोघांनाही कळेना ती काय म्हणतेय.

"तुम्ही म्हणालात ना, नजर कच्ची. मला वाटलं, मास्तर म्हणतात म्हणजे तसंच असणार. मला जांभळी दिसली ती माझ्या डोळ्यांत असेल. तेव्हापासून कुठलाही रंग बघितला की वाटतं, हा खरंच असा आहे, की मलाच असा दिसतोय? कपडे घ्यायला गेले की दुकानात एकच कापड चारदा उचलते, चारदा ठेवते. शेवटी काळं आणि पांढरं घ्यायला लागले. त्यात चुकत नाही माणूस."

अरे देवा! मी तिची खुर्ची घालवली म्हणून तीन वर्षं जळत होते. खुर्ची कसली घेऊन बसलात! या पोरीकडून आम्ही रंगच काढून घेतले होते.

मग तिचा राग आला, आणि तो माझ्यावरच आला. "काकू, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर!" गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. "एक शब्द! नंतर तरी! मी इथे तुमच्या हातचं जेवायचे."

"हो," मी म्हटलं.

मास्तरांनी तिथेच साहेबांना फोन लावला. रविवार असो नाहीतर काही. जे तिला सांगितलं तेच शब्दाला शब्द त्यांना सांगितलं. साहेबांनी विचारलं, लेखी द्याल का? "आजच देतो. आणि उद्या सकाळी दहाला तिला खिडकीशी उभी करा आणि हव्या तेवढ्या जोड्या दाखवा. माझ्या शब्दावर बसवू नका, माझ्या शब्दाचं काय झालं ते बघितलंत. तिच्या डोळ्यांवर बसवा." साहेब हो म्हणाले.

बारकी घाबरून उभी राहिली. "उद्या? मास्तर, तीन वर्षं मी लेबलं चिकटवतेय. मला नाही जमायचं."

"बरं," मास्तर म्हणाले. "मग निदान माझं एक काम कर. माझा एकच डोळा धुतलेला आहे, दुसरा अजून चहात बुडालेला आहे. ही रांग मला एकट्याला लावता येत नाहीये. जरा बघून सांग."

तिने पहिल्यांदा बागेकडे नीट पाहिलं. ऊन भिंतीवर आलं होतं आणि सगळी झाडं आतून दिवे लावल्यासारखी झाली होती. ती गिंकोपाशी गेली. "पिवळं," म्हणाली, आणि आमच्याकडे बघितलं.

"पिवळं तर शेजारणीचं मांजरसुद्धा सांगेल," मास्तर म्हणाले. "कसलं पिवळं?"

"हिरवट पिवळं." जरा थांबून, "आणि ती नासपती त्याच्यापेक्षा तांबूस आहे. पण खालच्या पानांत. वर नाही."

"पुढे."

"चेरी... चेरी दोन रंगांची आहे. उन्हाकडे शेंदरी, सावलीत अजून खाकी." पावलं टाकत ती पुढे सरकत होती, मध्येच मान वळवून भिंतीच्या कोऱ्या भागाकडे बघत, पाच मोजत. ओठ हलताना मला दिसत होते. त्या झुडपापाशी आली आणि दोन्ही हात कमरेवर गेले. "मास्तर! हे काय लावून ठेवलंय? याच्या पोटात निळा आहे! हे इथे कसं चालेल? हे काढा आणि वेलीच्या पलीकडे न्या, फाटकाजवळ. आणि मेपल जवळ ओढता येणार नाही, मोठा झालाय, तर मध्ये दुसरं काहीतरी शोधा."

"वेलीच्या पलीकडे कशाला? वेल गडद आहे, रांग तिथे संपते."

"वेलीत पण जांभळा आहे. नीट बघा."

"वेलीत? काहीतरीच!"

"बघा म्हणते ना!"

मास्तरांनी उजवा डोळा झाकून वेलीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग हात खाली घेतला आणि म्हणाले, "आहे. एक रेघ आहे." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता. कुणीतरी चुकीचं ठरवल्यावर इतका खूश होणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही. बारकीला मात्र त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. ती परत पहिल्यापासून रांग बघायला लागली होती, आणि आता आवाज इतका चढला होता की पलीकडून शेजारणीने विचारलं, काय झालं हो, कोण भांडतंय?

जेवायला थांब म्हटलं तर थांबली नाही. अजून तेवढं नाही, हे मला समजलं, आणि मी आग्रह केला नाही. जाताना वाटेत वाकून पडलेल्या पानांतून एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं, तेही ठेवलं. चार-पाच पानं झाली. मग एक घेऊन माझ्यापाशी आली. मधासारखं पिवळं, आणि कडेकडेने डाळिंबी.

"काकू, मला या रंगाचा ड्रेस शिवून द्याल? मधला पिवळा. कडा पण लावा हवं तर."

"उद्याच्या उद्या मापं घेते," मी म्हटलं. "बाजारात मी येते बरोबर, नाहीतर मास्तर येतील, आपण मिळून कापड बघू."

"नको," ती म्हणाली आणि पान जपून पिशवीत ठेवलं. "कापड मी एकटीच जाऊन घेते. मला कुणाला विचारायचं नाहीये."